भेटायची वेळ

लेक : बांगड्या गेल्या कुठे, एवढंच विचारतेय मी. आई फोनवर तीनदा म्हणाली, 'सुनेनं लांबवल्या.'

सून : परवा साखरेच्या डब्यात सापडल्या, ताई. आज परत दिसत नाहीत. त्याच लपवतात आणि त्याच विसरतात.

लेक : आई आणि विसरेल? तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय तिनं. कुठल्या खाटेला कुठलं औषध, कागद न बघता सांगायची.

सून : ते अजूनही सांगतील. सकाळी चहा घेतला का, ते विचारून बघा.

लेक : माझ्याशी तर अगदी नीट बोलते.

सून : दहा मिनिटं. फोन ठेवला की मला विचारतात, 'कोण होती ती? फार चौकशा करत होती.'

लेक : हे मला कुणी सांगितलं नाही.

सून : मी सांगितलं. तुमच्या भावानंही सांगितलं. तुम्ही म्हणालात, वय झालं की होतंच. डॉक्टरांनी अल्झायमर म्हटलं, तर म्हणालात, डॉक्टरांना काय, दिसेल त्याला नाव देतात.

लेक : बरं. मग तू तिला समजावून का सांगत नाहीस?

सून : सहा महिने तेच केलं. डबे उघडून दाखवले, शपथा घेतल्या. एकदा डोकंच फिरलं, दंड धरून गदागदा हलवलं मी त्यांना. वळ उठला. त्या जाऊन बाथरूममध्ये बसल्या. तासाभरानं बाहेर आल्या आणि मलाच म्हणाल्या, 'बाई, हाताला लागलंय माझ्या, जरा मलम लावता का?'

लेक : तू आईवर हात टाकलास?

सून : टाकला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. त्या दिवसापासून वाद घालणं सोडलं. आता म्हणते, 'गेल्या का बांगड्या? चला, दोघी मिळून शोधू.' शोधता शोधता त्या विसरून जातात. मी नाही विसरत, पण ते माझं मी बघेन.

लेक : रोज चोर म्हणते तुला?

सून : रोज. आणि रात्री झोपताना हात सोडत नाहीत माझा.

(आतून आई येते. अंगात स्वेटर उलटा.)

लेक : आई, ये. बस माझ्याजवळ.

आई : बाई, या कोण? कधीच्या बसल्यात. भेटायची वेळ संपली म्हणावं.

लेक : अगं, मी. तुझी लेक. नीट बघ ना माझ्याकडे.

आई : मला कुठली लेक? काहीतरीच काय बोलताय? बाई, यांना बाहेर काढा आधी.

सून : ताई, नको. घाबरल्यात त्या.

लेक : चुकलं माझं, सिस्टर. निघतेच मी. पाच मिनिटं बसले तर चालेल?

आई : पेशंट कोण तुमचा?

लेक : आई आहे माझी.

आई : मग बसा. पण डोळे पुसा आधी. पेशंटला सगळं कळतं.