भिंतीची तपासणी

आधीच सांगतो, हसायचं नाही. चिखला गावातलं देवाजीचं घर मीच बांधलेलं. गेल्या वर्षी त्यानं बाहेरच्या भिंतींना थर्माकोल चिकटवलं आणि वरून जाळी मारून प्लास्टर केलं. घर थंड राहतं म्हणे. मी सुनावलं, "माह्या भिंतीले गोधडी कायले पायजे?"

मे महिन्यात माझं घर भट्टीसारखं तापलं. मग मी रोज दुपारी नवं प्लास्टर तपासायला देवाजीकडे जाऊ लागलो. आतून भिंतीला टेकलो की डोळा लागायचा.

एकदा देवाजी म्हणाला, "मिस्त्री, डोये मिटून भेगा दिसून राहिल्या काय?"

"पोकळ प्लास्टर मले कानानं समजते," मी दरडावलं.

तेवढ्यात माझी बायको दारात आली. काखेत माझी उशी होती.

"हे घ्या," ती म्हणाली, "आता नीट तपासा."