लाइन नंबर चारचा झरा

...नाही, बाग वाईट आहे असं मी कुठं म्हणतोय? बाग झकास आहे! पण ज्या जागी माणसानं एकतीस वर्षं हातात पान्हा घेऊन नुसती पळापळ केली, तिथं त्याला स्वच्छ शर्ट घालून, पायावर पाय टाकून बाकावर बस म्हटलं तर बसवेल का? मला नाही बसवत! बायको म्हणते, "अहो, दोन मिनिटं टेका की!" टेकतो कसला! बाक ठेवलाय कुठं, तर आमच्या बॉयलरच्या दाराशी. तिथं नुसतं उभं राहिलं तरी भुवया करपायच्या हो!

तुम्हाला सांगतो, हा आमचा कागदाचा कारखाना. मी पाइप फिटर. कारखाना बंद पडला, सात वर्षं गवत माजलं, आणि आता म्हणे उद्यान! लगद्याच्या टाकीत कमळं! कमळं!! त्या टाकीच्या वासापायी ही बाई मला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात घ्यायची नाही, आणि आता त्याच टाकीवर वाकून म्हणते, "अय्या, किती छान गारवा आहे!" मला बसवेना. उठलो.

फिरत फिरत मागच्या भिंतीशी गेलो, तर ही गर्दी! मुलं भिजतायत, जोडपी फोटो काढतायत, एक आजीबाई डोळ्यांना पाणी लावतायत, आणि वर पाटी... 'नैसर्गिक झरा'! रखवालदार छाती फुगवून सांगतोय, "कारखाना गेला नि जमीन जिवंत झाली बघा! आपोआप पाणी फुटलं!"

आपोआप?! अहो, मी वाकून बघितलं, तर... लाइन नंबर चार! गावच्या टाकीवरून कारखान्यात येणारी आमची पाण्याची लाइन! आणि तो जॉइंट... तो माझा जॉइंट हो! कारखान्याच्या शेवटच्या दिवशी केलेला. सगळे निरोपाचं भाषण ऐकायला गेलेले, आणि मी नि आमचा बॉयलरवाला इथं खड्ड्यात. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, आवाजच तसा. तो ओरडला, "अरे, उद्या कारखानाच नाही, जॉइंट आवळतोस कुणासाठी?" मी म्हटलं, "काम अर्धवट टाकून मी घरी जाणार नाही." भोंगा पुढच्याच वर्षी गेला. एका परीनं सुटला म्हणायचा... नाहीतर हे बघून असा हसला असता, की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू गेलं असतं!

आता मला बसवेल? बायको म्हणते, "काय झालं?" मी म्हटलं, "गळतोय!" ती दचकून, "कोण??" उत्तर द्यायला वेळ कुणाला! घुसलो फुलांच्या वाफ्यात, गुडघ्यांवर. व्हॉल्व्ह कुठं आहे ते मी झोपेतसुद्धा सांगेन. माती उकरली, चार-सहा रोपं उपटली गेली, जाऊ दे, चाक हाताला लागलं, लावला जोर, एक फेरा, दोन फेरे... झरा बंद!

मग काय विचारता! मुलांनी भोकाड पसरलं, आजीबाई म्हणाल्या, "आटला गं बाई!", रखवालदार शिट्टीवर शिट्टी फुंकतोय, आणि बायको... बायको चार पावलं मागं सरकून लोकांना सांगतेय, "मी नाही ओळखत यांना!" तेवढ्यात बागेच्या मॅडम धावत आल्या.

"काका! काय केलंत हे?"

"गळती थांबवली."

"अहो, ती बघायलाच तर लोक येतात!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यापासून. पण व्हॉल्व्हच सापडेना हो... म्हणून शेवटी पाटी लावली. काका, उघडा ना थोडंसं. आणि संध्याकाळी बंद करायला याल का? एवढं पाणी वाया जातं, जीव तुटतो माझा."

उघडलं. करता काय! अर्धा फेरा. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम गळती लावत होतो!

आता रोज सकाळी सातला चालू, संध्याकाळी बंद. मधल्या वेळात बाकावर बसून बघतो, पण नाहीच बसवत! माणसं येतात, ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारतात, "काय निसर्गाची किमया!" म्हणतात आणि वर माझ्याकडं वळून विचारतात, "काय काका, खरं की नाही?"

मी आपली मान डोलावतो. जॉइंट माझा आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू?