हिरव्या खुणेचं आख्यान

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. बापूराव, पेटीचा सूर नुसता धरून ठेवा, वाजवू नका. आधी एक प्रश्न विचारतो — आणि उत्तराची घाई करायची नाही!

समजा, तुम्ही मला वाट विचारलीत. मी सांगितली. त्या वाटेवर खड्डा आहे, मला ठाऊक आहे, पण सांगायचा कंटाळा केला. तुम्ही गेलात, पडलात, पाय मोडला. दोष कुणाचा? ...बघा, पहिल्या रांगेतले काका लगेच माझ्याकडे बोट दाखवायला लागले! अहो काका, समजा म्हटलंय, समजा!

दुसराही एक प्रश्न आहे. तो मागाहून. आधी गोष्ट ऐका. ही गोष्ट मला त्याच घरातल्या एका बाईंनी सांगितली, नावं तेवढी बदलून सांगा म्हणाल्या. म्हणून नावं माझी, बाकी सगळं त्यांचं.

साताऱ्यात श्रीरंग मोहिते नावाचा गृहस्थ. धंदा काय? वेब डेव्हलपर! आता मागच्या आजी विचारतायत, ते काय असतं बाबा? आजी, नातू तुमच्या फोनमध्ये विजेचं बिल भरतो ना? गॅसचा नंबर लावतो ना? ते पान, ते बटण, कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. ते लिहिणारा हा माणूस. आणि हा नुसता लिहीत नव्हता — इतरांना शिकवत होता! कसं? पाककृती लिहून!

हसू नका. खरंच पाककृती! त्याची एक वेबसाइट होती. तिच्यावर सगळं स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं — वर साहित्य, मधे कृती, खाली टीप. 'लॉगिनचं पान कसं करावं', 'फोटो कसा चढवावा'. सगळं सोप्या मराठीत. खेड्यापाड्यातली, इंग्रजीला बिचकणारी पोरं-पोरी ते वाचायची, उतरवून घ्यायची आणि आपल्या पोटापाण्याला लागायची. श्रीरंगदादा म्हणजे त्यांचा गुरूच! चांगलं काम होतं, मंडळी. त्याला नावं ठेवायला मी उभा नाही.

पण गुरूचा एक हट्ट होता. पाककृती फोनच्या एका पडद्यात मावली पाहिजे! बोटाने वर सरकवायला लागलं की वाचणारा पळाला, असं त्याचं म्हणणं. म्हणून काय करायचा? छाटायचा. इथल्या दोन ओळी, तिथल्या तीन ओळी. आणि गंमत म्हणून प्रोग्रामच्या नमुन्यात नावं कसली द्यायचा माहितीये? फोडणी, कढई, आमटी! काम झालं की प्रोग्राममध्ये लिहायचं — 'आमटी तयार'. पोरांना ते फार आवडायचं.

प्रत्येक पाककृती आधी वाचायची त्याची बायको, सुमेधा. ती शाळेत गणित शिकवणारी. एकदा त्याने नवी पाककृती दाखवली. नाव होतं, 'ताटकळत न ठेवणारं बटण'. म्हणजे असं — तुम्ही बटण दाबलंत की निरोप तिकडे जायला वेळ लागतो, उत्तर यायला वेळ लागतो. माणूस कंटाळतो. म्हणून उत्तराची वाट बघायचीच नाही! बटण दाबलं की लगेच हिरवी खूण. 'पोहोचलं!' निरोप मागून जाईल सावकाश.

सुमेधा म्हणाली, "अहो, आणि तो गेलाच नाही तर?"

"जातो गं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा जातो."

"मग त्या एका वेळेचं लिहा की."

"लिहिलं होतं. गेला नाही तर खूण लाल करायची, लोकांना सांगायचं — आठ ओळी होत्या. पडद्यात मावेनात. काढल्या."

ती हसली. म्हणाली, "तुमची आमटी करपत नाही वाटतं कधी!"

तोही हसला. आणि पाककृती गेली जगात.

मंडळी, मी विचारतो — घरातल्या बायांनो, तुम्हीच सांगा! पुस्तकात 'चवीपुरतं मीठ' लिहितात, 'खमंग परता' लिहितात. करपलं तर काय करायचं, हे लिहितं का कुणी? नाही ना! कारण लिहिणाऱ्याच्या घरी करपत नाही. करपतं ते वाचणाऱ्याच्या घरी.

वर्ष गेलं. सुमेधाचं माहेर जावळीच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीतलं गाव. वडील धोंडिराम सपकाळ, सगळे अण्णा म्हणायचे. तालमीत वाढलेला माणूस, सत्तरी ओलांडली तरी काठी न घेता डोंगर चढणारा. गौरी जेवायच्या दिवशी लेक-जावई घरी आलेले. दुपारची जेवणं झाली. अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. जावयाला म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ते स्वयंपाकाचं काम लई जोरात चाललंय म्हनं. आम्हाला एक दिवस आमटी तरी खाऊ घाला!"

सगळे हसले. आणि हसता हसता अण्णांच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

छातीला हात. अंगाला दरदरून घाम. गिरजाबाई — सासूबाई — "अवं, काय हुतंय तुमास्नी?" करत धावल्या. श्रीरंगने फोन काढला. फोन लागेना! त्या खोऱ्यात रेंज म्हणजे आली तर आली. पण तालुक्याच्या एका संस्थेची रुग्णवाहिका होती, आणि तिचं एक पान होतं — गावोगावच्या लोकांनी फोनमध्ये साठवून ठेवलेलं. सासूबाईंच्या फोनमध्येही होतं. ते उघडलं. मोठं लाल बटण, 'गाडी हवी'. श्रीरंगने स्वतःच्या बोटाने दाबलं.

आणि हिरवी खूण! 'आपली मागणी पोहोचली. गाडी निघत आहे.'

जीव भांड्यात पडला हो सगळ्यांचा! तेवढ्यात शेजारचा बबन शेलार पळत आला. त्याची पिकअप दारातच उभी. म्हणाला, "पाव्हणं, उचला! गादी टाकतो मागं, चला!"

श्रीरंग म्हणाला, "नको बबनराव. रुग्णवाहिका निघालीये. त्यात ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो. पिकअपमध्ये धक्के बसतील."

"आवं पर, म्या आत्ता नेतो की!"

"निघालीये म्हणतोय ना! हे बघा." आणि त्याने फोन बबनच्या डोळ्यांपुढे धरला. हिरवी खूण!

शिकलेला जावई. फोनच्या धंद्यातला जावई. बबनने हातातली किल्ली खिशात टाकली.

वाट बघितली, मंडळी. अण्णांचं डोकं लेकीच्या मांडीवर. घाटाच्या वळणावर जरा कुठे धूळ उडाली की सगळे उठून उभे राहायचे. एकदा दुधाची गाडी गेली. एकदा कुणाची मोटरसायकल. अण्णा मधेच डोळे उघडून म्हणाले, "आली का गं गाडी?" सुमेधा म्हणाली, "येतेय अण्णा, निघालीये." शेवटी बबननेच कुणाला न विचारता अण्णांना उचललं आणि पिकअपमध्ये घातलं; लेक त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. घाटाच्या खाली, नदीच्या पुलाशी, अण्णा गेले.

सांगा बरं, रुग्णवाहिका कुठे होती? तालुक्याला! दवाखान्याच्या आवारात, सावलीत! ड्रायव्हर जेवून पेपर वाचत बसलेला. त्याचा काय दोष? निरोप आलाच नव्हता!

अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी श्रीरंग गावाबाहेर शाळेच्या चढावर गेला, तिथे रेंज येते. ते पान उघडलं. ही माणसं पानाच्या मागचं लिखाण बघू शकतात, सवय असते त्यांना — सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की दाराची चौकट बघतो ना, तसं. वाचत गेला. वाचत गेला आणि थांबला.

तिथे लिहिलं होतं — 'आमटी तयार'.

रुग्णवाहिकेच्या पानात आमटी कशाला? ज्याने कुणी पान केलं होतं त्याने नमुना जसाच्या तसा उतरवला होता. नावंसुद्धा बदलली नव्हती! कढई तीच, फोडणी तीच. आणि त्या आठ ओळी नव्हत्या. असणार कुठून? श्रीरंग तिथेच दगडावर बसला.

आता माणूस काय करील? तुम्ही काय कराल? धावत घरी याल, बायकोला सांगाल, 'अगं, माझ्या हातून घडलं'?

त्याने काय केलं ऐका. तिथेच बसून त्याने आपली वेबसाइट उघडली. त्या पाककृतीत त्या आठ ओळी परत घातल्या. खाली टीपही घातली — 'निरोप पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय हिरवी खूण दाखवू नये.' कधी घातली, का घातली, एक अक्षर नाही! जसं काही पहिल्यापासूनच होतं. फोन खिशात टाकला आणि खाली आला. मनाशी म्हणाला, चूक दुरुस्त केली.

अरे, कसली दुरुस्त केलीस? ज्यांनी आधीच उतरवून नेलं, त्यांच्या पानांचं काय? ती अजून हिरवीगार आहेत ना! त्यांना कोण सांगणार?

दहावं झालं. घरात पाहुणे होते. आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचविशीची, चेहरा सुकलेला. सारिका भिलारे. पलीकडच्याच गावची, संस्थेत संगणकावर कामाला. ते पान तिने केलेलं! संस्थेने तिला घरी बसवलं होतं, गावात लोक तिच्या बापाला बोलत होते — तुझ्या पोरीने माणूस मारला.

ती आत आली आणि गिरजाबाईंच्या पायांवर कोसळली. "आजी, माझ्या हातनं झालं. मला काय बी बोला."

गिरजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ बाळा. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

मग ती श्रीरंगकडे वळली. ओळखलं तिने! त्याचा फोटो रोज बघत होती ना वेबसाइटवर. हात जोडले. म्हणाली, "सर, मी तुमचंच वाचून शिकले. तुमचीच पाककृती वापरली होती. परवा परत उघडून बघितली. त्यात सगळं लिहिलंय हो, सर! निरोप गेला नाही तर काय करायचं, टीपसुद्धा आहे. मला कसं दिसलं नाही? मी कितीदा आठवून बघितलं... मीच नीट वाचलं नाही. माझ्या चुकीनं तुमच्या घरातलं माणूस गेलं."

बापूराव, सूर बंद करा. इथे सूर नको.

मंडळी, त्या पोरीला स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उरला नव्हता. जे तिने बरोबर बघितलं होतं, ते तिला आता खोटं वाटत होतं. आणि खरं काय ते जाणणारा माणूस तिच्या समोर खुर्चीत बसला होता. एक वाक्य! 'पोरी, तेव्हा ते नव्हतं.' एवढंच म्हणायचं होतं!

गिरजाबाई म्हणाल्या, "जावयबापू, तुमी जाणतं. चार शब्द सांगा लेकराला."

सगळे श्रीरंगकडे बघताहेत. आणि तो म्हणाला — काय म्हणाला असेल?

म्हणाला, "वाचताना घाई करू नये. पुढच्या वेळी नीट वाचत जा."

"हो सर," ती म्हणाली. डोळे पुसले. "पण आता पुढची वेळ नाही. सोडलं मी हे काम." आणि वळून निघाली.

स्वयंपाकघराच्या दारात सुमेधा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आणि तिला आठवत होतं! आठ ओळी, पडद्यात मावेनात, काढल्या! तिने ट्रे खाली ठेवला. नवऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ती अजून फाटकापर्यंत गेली नाहीये."

बस! रडली नाही, ओरडली नाही. बापाचं डोकं जिच्या मांडीवर थंड पडत गेलं ती बाई नवऱ्याला एवढंच म्हणाली. म्हणजे काय? म्हणजे अजून वेळ आहे. ऊठ! हाक मार!

अंगण मोठं नव्हतं. मधे तुळस, पुढे गोठा, मग फाटक. पोरगी खाली मान घालून चाललेली. श्रीरंगने खुर्चीचे हात घट्ट धरले. उठायला गेला... आणि बसला. फाटकाची कडी वाजली.

मग सुमेधा गेली. अनवाणी, डोक्यावरचा पदर सावरत, रस्त्यावर. तिने त्या पोरीला गाठलं, दोन्ही खांदे धरले आणि सांगितलं. पोरगी तिथेच रस्त्यात मटकन बसली आणि इतक्या मोठ्याने रडली, की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. दुसऱ्या माणसाने सांगितलेलं खरं होतं, पण ज्याने सांगायला हवं होतं तो खुर्चीत बसून होता. पोरगी पुन्हा त्या कामाला गेली नाही. सुमेधा साताऱ्याला परतली नाही, आईजवळच राहिली.

पुढे श्रीरंगने सगळं लिहिलं हो! आपल्या वेबसाइटवर, स्वतःच्या नावानिशी. जुनी पाककृती, कापलेल्या ओळी, मागाहून गुपचूप घातलेल्या ओळी, सगळं. पोरांना कळवलं, 'आपापली पानं तपासा.' कितीतरी पानं दुरुस्त झाली, कुणाचे जीवही वाचले असतील. ते पुण्य त्याला मिळो. पण सुमेधाने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

आता माझा दुसरा प्रश्न. खड्डा सांगायचा राहिला, ती चूक. माणसाच्या हातून होते. पण पडलेला माणूस आपल्यालाच हात जोडून 'माझंच चुकलं' म्हणतो, आणि आपण त्याला वर आणि उपदेश करतो — त्याला काय म्हणायचं?

का खाली बघता? काका, आता बोट दाखवा ना कुणाकडे!

आपल्या प्रत्येकाच्या अंगणातून कुणीतरी चाललंय, मंडळी. भाऊ असेल, सून असेल, हाताखालचा माणूस असेल. आपलं खापर स्वतःच्या डोक्यावर घेऊन, मान खाली घालून चाललंय. आणि आपण खुर्चीचे हात धरून बसलोय. मनात म्हणतो, देवापुढे कान धरले, झालं! हिरवी खूण! अहो, ज्याला निरोप पोहोचायचा, त्याला पोहोचला का?

बापूराव, पेटी मिटा. पुजारीबुवा, आरतीचं तबक जरा खाली ठेवा. ज्याला कुणाला फोन करायचा असेल त्याने आत्ता मंडपाबाहेर जाऊन करून यावा. आणि नुसतं लिहून पाठवू नका — पलीकडून आवाज येईपर्यंत कानाला धरा. जा. तोवर देव थांबेल.