नको म्हटलेलं मशीन

जरा जवळ सरका, आवाज एवढाच उरलाय माझा. आम्ही मूळचे निपाणीकडचे. अठराव्या वर्षी बेंगळुरात आलो, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लोखंड उचललं, मग सुपरवायझरशी वाजलं आणि मोटरसायकलवर झाडू-चटया बांधून गल्लोगल्ली निघालो. पोरके, चापे, बन्नी अक्का, म्हणजे झाडू घ्या, चटया घ्या, या अक्का, अशी माझी आरोळी. शेवटचा अक्का असा लांबवायचो की तिसऱ्या मजल्यावरची बाई पिठाचे हात घेऊन खाली यायची. काय सांगू तुम्हाला, त्या गळ्यावर घर उभं केलं मी.

पुढं मारतहळ्ळीत इमारती उंच झाल्या, आवाज वर पोचेना, म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं दोन मांडले. एकात आरोळी भरून ठेवायची, तो दिवसभर आपोआप वाजणार. दुसरा साधा, माईकात बोलाल तेवढंच. म्हणाला, अण्णा, ह्यात ओरडून बघा. मी ओरडलो, त्यानं परत वाजवलं, रस्त्यावरची माणसं थांबली. माझ्या अंगावर काटा आला, पण घेणाऱ्यानं चेहरा पाडूनच ठेवायचा असतो. म्हटलं, भाव स्वल्प कमी कर. ह्यात नाही होत, म्हणाला. दोनदा पायऱ्या उतरलो, त्यानं हाक मारली नाही. डोकंच फिरलं. म्हटलं, ठेव तुझा डबा, देवानं गळा फुकट दिलाय, दे तो साधा. निघताना बजावलं, त्यातला माझा आवाज पूस. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाला. पुसला नाही हो त्यानं!

दोन वर्षं त्या माईकात ओरडलो. मग गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरनं काढली, आणि आवाजही तिच्याबरोबर गेला. तरी मुकाट्यानं गाडी फिरवत होतो. एक दिवस एक अक्का म्हणाली, सकाळीच तर येऊन गेलात की. त्या गल्लीत मी आठ दिवस फिरकलो नव्हतो. मग मलाही ऐकू आला. माझाच, भरल्या छातीचा, शेवटचा अक्का लांबवलेला. गाडी दामटली, वळणावर पोचलो तर आवाज मागच्या गल्लीत, मागं गेलो तर पुढच्या. माणूस दिसलाच नाही कधी. बायकांना विचारलं, तर म्हणतात, हेल्मेट असतं, बोलत नाही, मागाल त्या भावाला देतो. मागाल त्या भावाला! माझ्या आवाजात!

दुकानदाराशी भांडायला गेलो, तर तोंडातून नुसती हवा. तो कान पुढं करून म्हणाला, काय पाहिजे अण्णा?

परवा दुपारी मी नुकताच येऊन, आतून कडी लावून कॉटवर बसलो होतो. हल्ली आल्याची हाक देता येत नाही. बायको पाठमोरी, मोरीत भांडी घासत होती. खिडकीखाली आरोळी झाली. ती मान न वळवता म्हणाली, आलात का, थांबा, पान वाढते. मी तिच्या मागं चार हातांवर. अगं, मी इथं आहे, म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. ती पदराला हात पुसत माझ्यासमोरून दाराकडं गेली, कडी काढली आणि बाहेर बघून हसली. कितीतरी दिवसांनी तशी हसली. मग वळली, मला पाहिलं, आणि दचकली.

आता शोधणं सोडलं मी. जो कोण असशील, फिर बाबा, तुझं भलं होवो. फक्त भाव पाडू नकोस, तो आवाज भाव पाडणाऱ्याचा नाही.

बायको हल्ली दुपारची दाराला कडी लावत नाही.