सगळ्यांसमोरचा घास

माझं माहेर सावद्याकडचं, दिलं पांझरेकाठी, धुळ्याहून थोडं लांब, आणि नवरा गेला तेव्हा पदरी मूल नव्हतं म्हणून दीर-जावेच्या घरातच राहिले. जाऊ चांगली होती भाऊ, अक्का अक्का करायची, माझ्याशिवाय तिला घास उतरत नसे.

मग पाऊस आलाच नाही. परदेशातल्या मंडळींच्या पैशावर एक गोरी मडम आली, गावाबाहेर मांडव घातला, चुली पेटवल्या, आणि मी कुणब्याची, माझ्या हातचं बठ्ठे, सगळ्या जातीचे, खातील म्हणून मला रांधायला ठेवलं. खात होते हो लोक, काय सांगू तुम्हाला, पोरांच्या तोंडावर तेज आलं होतं.

पुढे कुठल्याशा गावात आवई उठली की गोरे अन्नात काहीतरी कालवतात. मडम म्हणाली, उद्यापासून तू आधी खायचं, सगळ्यांसमोर, त्याच हंड्यातून, त्याच पळीनं, म्हणजे यांची खात्री पटेल. मी म्हटलं, बाईसाहेब, असं नका करू, पळीला तोंड लागलं की सगळा हंडा उष्टा होतो, आमच्यात उष्टं कुणी घेत नाही, मी वेगळं काढून खाते. ती हसली. म्हणाली, वेगळं काढलं तर म्हणतील तेवढंच चांगलं होतं. आमच्या मंडळींचा हुकूम आहे, चूल चालवायची तर असंच. चूल चालायला हवी होती हो. मी पळी तोंडाला लावली.

आधी जाऊच उठली, दोन्ही पोरांना दंडाला धरून. मी मागे धावले तर म्हणे, अक्का, आमले उष्टं वाढस का तू? कुणी म्हातारा ओरडला, ती ते आते मडमनी शे! म्हणजे मी आता मडमचीच झाले. लोक हसले, आणि हसत हसत उपाशी उठले.

दोन दिवस पंगत बसली नाही. मडम म्हणाली, खरी भूक असती तर बसले असते, इथे गरज नाही. हंडे बैलगाडीत चढवले. मला म्हणाली, चल, पुढच्या गावी कामाला ये. मी म्हटलं, माझं घर इथं आहे.

घर कसलं भाऊ. गाव म्हणायचं हिच्यापायी चूल गेली, आणि तेच गाव म्हणायचं हिच्या हातचं पाणी नको. जावेचं धाकटं पोर त्याच उन्हाळ्यात गेलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतर कधी.

आता धुळ्यात, देवपुरात शाळेचं आवार झाडते, एकटीपुरतं रांधते. मडम केव्हाच तिच्या मुलखात गेली म्हणतात. तिथे तिनं आमच्याविषयी काय सांगितलं असेल कोण जाणे, मला कुणी विचारायला आलं नाही, तुम्हीच पहिले. देव तुमचं पोट भरलेलं ठेवो भाऊ, आणि जेवताना समोर आपलं माणूस असू दे.