दूध उतू गेलं त्या दिवसाचं पान

—हे घे, तू कागदावर काढायला सांगितलेलं घड्याळ, आणि आकडे नाहीत म्हणून तोंड वाकडं करू नकोस, नर्सबाई. मला शाळेत घातलं होतं कुणी? काटा कुठं आला की लेक घरी येते, एवढं कळतं मला, तेवढं पुरतं. या परक्या मुलखात आपली भाषा बोलणारी भेटलीस म्हणून सांगते — डोकं माझं ठणठणीत आहे. लेकीला वाटतंय आईला भ्रम झाला, आणि का वाटतंय? तर ही वही बघून. लिहिता येत नाही ना मला, म्हणून इथल्या एकेका दिवसाचं एकेक चित्र काढून ठेवते, घरी परतल्यावर शेजारणींना पान उलटून सांगायला. हे बघ, हा विमानातला दिवस. शेजारच्या माणसाचं नुसतं उघडं तोंड काढलंय, कारण नऊ तास तो घोरत होता, त्याचं आणखी काय बघणार? हा जावई. डोक्याच्या जागी फोन — यात खोटं काय, तूच सांग. आणि हे छतातून लोंबणारे दोन पाय. हेच बघून लेक घाबरली. अगं, वरच्या मजल्यावरची बाई ती. दिवसभर तिचे पाय तेवढे धाडधाड ऐकू येतात, चेहरा कधी दिसलाच नाही, मग काढू कुठून? पण लेक जावयाला हळूच म्हणाली, आईला छतातून माणसं उतरताना दिसतात. हळूच म्हणजे काय — कानही ठणठणीत आहेत माझे.

दूध? तेही सांगितलं का तिनं? त्याचं काय एवढं — ते पान नको उलटू. बरं, उलटलंस तर उलटलंस. हो, हे पातेलं, हा ओट्यावर आलेला फेस, आणि ही शेजारी उभी मी. विसरलेली बाई पातेल्याशेजारी उभी कशी, हेच विचारणार ना? हुशार आहेस. पन्नास वर्षं दूध तापवतेय, ते कधी वर येतं हे मला पाठमोरं उभं राहूनही कळतं. येऊ दिलं. सकाळीच लेक दार ओढून जायची, मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि ते पाय. दूध उतू गेलं तशी पोरीनं आठवडाभर रजा टाकली. माझी वेणी घातली, तिच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी विचारल्या — मला आठवतात का ते बघायला गं, पण विचारल्या तर खऱ्या. मग दुसऱ्या दिवशी मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला.

हे कालचं पान. खाली उभी केलेली गाडी, आत लेक, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मी खिडकीतून बघत होते. चहा दोनदा गरम केला तरी ती वर घरात येईना, आली ती हसत आली. तिचा चेहरा दिसला नाही म्हणून काढला नाही — छे, हे मात्र खोटं. दिसला होता. हात चालला नाही.

हं, तर लिही, म्हातारी शहाणी आहे, जरा जास्तच आहे. तिला कामावर जाऊ दे उद्यापासून. दुधाचं मी सांगेन तिला. कधी म्हणजे? परत जाताना, विमानतळावर, काचेच्या पलीकडे गेल्यावर. तिथं तिचा हात पोचत नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे.

बरं. बोलाव तिला आत. वही इथंच राहू दे, आणि तू जरा बाहेर जा.