शेपूट तेवढं सुकेशिनीचं

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. प्रतापनगरच्या थांब्यावर कचेरीला निघालेल्या भैयाजींच्या पुढे सातवीतल्या दोन मुली उभ्या होत्या. सुकेशिनीच्या काखेत गुंडाळलेलं चित्र होतं आणि तोंड असं, की चित्र चोरूनच आणलंय.

"नाव, वर्ग लिहिला. आता स्पर्धेच्या चिठ्ठीवर 'या चित्रातून मला काय दाखवायचे आहे' तेही लिहा म्हणते. काय लिहू वं, नलू?"

"काढलं तेच लिही न."

"म्या बकरी काढली होती. सर म्हणाले, जरासं सुधारून देतो. सुधारता सुधारता घोडा झाला."

"अवं माय! मंग घोडा लिही."

"अन् परीक्षकानं विचारलं, तूच काढला का, तर? मले खोटं बोलताच रडू येते. नाव कापतीन माह्यं. अकराच्या आत चिठ्ठी चिकटवायची आहे."

"तुह्या हातचं काहीच नाही राहिलं?"

"शेपूट आहे. तेवढ्यात घंटा झाली, अन् सर चालले गेले."

भैयाजींची बस आली. त्यांनी ती जाऊ दिली.

नलू म्हणाली, "मंग रडून काहून राहिली? लिही. 'या चित्रातून मला शेपूट दाखवायचे आहे. घोडा फक्त आधाराला आहे.'"